सोयरीक आणि रक्त

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सांगली येथे ज्ञातीतील एका निवृत्त डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी पत्र पाठवून माझ्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'आनुवंशिकता आणि रुग्णसेवा' असे भारदस्त नाव कळविले. त्यांनी ते कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापले, आणि त्याचा परिणाम मला येथून दिसतो आहे. मागील रांगांतील तरुण मंडळी भोजनास किती अवकाश आहे याची चौकशी करू लागली आहेत. त्यांना मी सांगू इच्छितो की, नाव जड असले तरी विषय त्यांच्या लग्नाचा आहे. तेव्हा त्यांनी तरी बसावे.

मी चाळीस वर्षे कराड आणि मिरज या दोन ठिकाणी वैद्यकीचा व्यवसाय केला. या काळात ज्ञातिबांधवांकडून मला जितके प्रश्न विचारले गेले, त्यांत एक प्रश्न सर्वांत अधिक वेळा आला. तो रोगाविषयी नव्हता. "डॉक्टर, मुलाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, मुलीचाही ओ पॉझिटिव्ह. जमवावे की मोडावे?" हा तो प्रश्न होय. आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचक वहीत रास, नाडी, गण, गोत्र, देवक, उंची, शिक्षण, शेतीचे क्षेत्र असे रकाने असून अलीकडे त्यांत रक्तगटाचा रकाना वाढविला आहे. हेतू उत्तम आहे. तथापि पत्रिकेतील एकनाडीचे जे भय होते, तेच आपण उचलून रक्तगटाच्या रकान्यात ठेवले, असे मला खेदाने म्हणावे लागते. पतिपत्नींचा रक्तगट एक असण्याने संततीस यत्किंचितही बाध येत नाही. लक्ष द्यावयाचे ते एवढेच की, स्त्रीचा गट निगेटिव्ह व पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणी डॉक्टरांना ते आधी सांगावे. त्यासाठीचे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे. विवाह मोडण्याचे ते कारण नव्हेच.

मग ज्या गोष्टीस खरोखर जपावयास हवे, ती कोणती? ती आपल्या वहीत कोठेही नाही. किंबहुना, जी गोष्ट आपण स्थळाचा गुण म्हणून सांगतो, तिच्यातच ती लपलेली आहे. 'मुलगी नात्यातलीच आहे, घरची पोर घरात राहील', हा तो गुण.

आपल्या पूर्वजांस जवळच्या रक्ताचे भय ठाऊक नव्हते असे नाही. सगोत्र विवाह निषिद्ध मानला तो काही अंशी त्यामुळेच असावा. परंतु गोत्र व देवक बापाकडून चालते, आणि आईकडील नाते त्यांच्या हिशेबात येतच नाही. म्हणून दहा पिढ्यांपूर्वीच्या कोणा चुलत घराण्यातील मुलगी आपल्याला चालत नाही, आणि सख्ख्या मामाची मुलगी मात्र हक्काची ठरते. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आपल्या प्रांताची ही रीत नोंदविली आहे की, मराठी मुलखात मामाची मुलगी करणे मान्य, पण आत्याची मुलगी करणे बहुधा अमान्य. आपल्याकडे कर्नाटकाच्या सीमेवरील काही घरांत तर बहिणीची मुलगी करण्याचीही चाल होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आईकडून तीन व वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचा सपिंड विवाह वर्ज्य ठरविला खरा, पण जेथे रूढी असेल तेथे सूट ठेवली. रूढीने ते दार उघडे ठेवले आणि आपण त्यातून आत गेलो.

शरीरास मात्र मामा, आत्या, काका, मावशी हा भेद कळत नाही. या चौघांचीही मुले आपल्याशी रक्ताने सारखीच जवळ असतात. आजोबा-आजींकडून आलेल्या वारशाचा सरासरीने आठवा हिस्सा त्यांच्यात व आपल्यात समान असतो. मामा-भाचीत तोच हिस्सा चौथा होतो.

आता हा वारसा म्हणजे काय, हे सात-बाराच्या भाषेत सांगतो, म्हणजे आपणा सर्वांस समजेल. प्रत्येक मनुष्याजवळ शरीराच्या प्रत्येक कामाचे दोन उतारे असतात. एक आईकडून आलेला, दुसरा वडिलांकडून आलेला. एका उताऱ्यावरील एखादी ओळ पुसली गेली असली, तरी दुसऱ्यावर ती शाबूत असते आणि काम अडत नाही. अशा माणसास आपण वाहक म्हणतो. तो धडधाकट असतो, शेत नांगरतो, कुस्ती खेळतो, नव्वद वर्षे जगतो. त्याला कळतही नाही. परंतु ज्याच्या दोन्ही उताऱ्यांवर नेमकी तीच ओळ पुसलेली असते, त्याचे काम अडते, आणि तो रोगी होतो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणी असे मूल होण्याचा संभव चारांत एक. पहिले मूल निकोप झाले म्हणून दुसऱ्याचा संभव वाढत नाही की घटत नाही. दर वेळी चारांत एक.

परक्या घरातील मुलीच्या उताऱ्यावरही काही ओळी पुसलेल्या असतात. आपण सारेच अशा चारदोन ओळी घेऊन जन्मास आलो आहोत. परंतु तिच्या ओळी वेगळ्या, आपल्या वेगळ्या. मामाच्या मुलीच्या आणि आपल्या ओळी एकाच आजोबांच्या बाडातून नकलल्या गेलेल्या असतात. आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टरने १९०२ साली एका दुर्मिळ रोगाच्या मुलांची टिपणे काढताना पाहिले की, त्यांच्या आईबापांत भावंडांच्या नात्याची जोडपी वाजवीपेक्षा फार आहेत. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरून शोधलेला नियम माणसाच्या रोगास लागू पडतो, हे तेथून प्रथम उघड झाले.

येथे मी कोणास घाबरवू इच्छित नाही. जी जोडपी नात्यातील नाहीत, त्यांच्याही शंभर मुलांत दोन-तीन मुले काही ना काही गंभीर जन्मजात व्यंग घेऊन येतात. मामेबहिणीशी विवाह केल्यास हे प्रमाण साधारणपणे दुपटीच्या जवळपास जाते. म्हणजे अशा विवाहांतूनही बहुसंख्य मुले सुदृढच निपजतात. आपणांपैकी अनेकांचे आईवडील असे नात्यातील आहेत, आणि आपण येथे धडधाकट बसलेले आहात. हे खरे आहे. परंतु ज्या घरावर ते येते, त्या घराला शेकडेवारी ऐकविण्यात अर्थ नसतो.

ते माझ्या घरावर आले. ही हकीकत मी आजवर कोणत्याही सभेत सांगितली नाही. आज सांगतो, ती ज्यांची आहे त्यांच्या संमतीने.

माझी थोरली बहीण अक्का. १९६७ साली तिला आमच्या सख्ख्या मामाच्या थोरल्या मुलास दिली. गाव खटाव तालुक्यातले. दुष्काळी भाग, पण घर खाऊनपिऊन सुखी, आणि आईच्या माहेरीच मुलगी गेल्यामुळे आई निश्चिंत. पहिला मुलगा उत्तम निपजला. दुसरी मुलगी सहा महिन्यांची होईतो गुटगुटीत होती. मग पांढरी फटक पडू लागली. पोट वाढले, गालफडे पुढे आली, अंगात बळ राहिले नाही. चौथ्या वर्षी गेली. कोणी म्हटले मुडदूस, कोणी म्हटले दृष्ट. देवऋषी झाला, उतारे झाले. १९७४ साली तिसरा मुलगा झाला आणि त्याचीही तीच गत होऊ लागली, तेव्हा गावाने अक्काला नाव ठेवले. पांढऱ्या पायाची. दाजींचे दुसरे लग्न करावे असे बोलणे चारचौघांत होऊ लागले. दाजींनी ते कानाआड केले, हे मी त्यांच्याविषयी आवर्जून सांगतो.

मी त्या वेळी मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षास होतो. भाच्याला घेऊन मी मिरजेस आलो. रक्त तपासणीस गेले, पुढील तपासणीसाठी नमुना मुंबईस गेला, आणि १९७५ साली उत्तर आले: थॅलॅसेमिया. रक्तातील लाल रंगद्रव्य बनविणारी ओळच मुळी दोन्ही उताऱ्यांवर पुसलेली. आयुष्यभर दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त भरणे, हाच त्या वेळी उपाय. खटाव तालुक्यातून ते शक्य नव्हते. भाचा सहाव्या वर्षी गेला.

मी वडिलांना सर्व समजावून सांगितले. आजोळच्या आजोबा किंवा आजींपैकी कोणाकडून तरी ही गोष्ट आमच्या आईत व मामांत आली, तेथून अक्कात व दाजींत आली, हे त्यांना कागदावर काढून दाखविले. वडिलांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाहेर बोलू नकोस. अजून एक मुलगी उजवायची आहे." मी बोललो नाही. पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक ठरली. कोणाशी? त्याच घरात, दाजींच्या पाठच्या भावाशी. अक्काला सोबत होईल, असा सर्वांचा सद्हेतू होता.

मी त्या वेळी गणित केले होते. धाकटी वाहक असण्याचा संभव निम्मा, मुलगा वाहक असण्याचा संभव निम्मा, आणि दोघे वाहक असल्यास चारांत एक. म्हणजे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलास धोका सोळांत एक. सोळांत एक म्हणजे फारसा नव्हे, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली, आणि बोहल्यापाशी अंतरपाट धरून उभा राहिलो. रक्ताची एक तपासणी दोघांची करून घेता आली असती. मी ती सुचविली नाही. तिचा मुलगा १९७८ साली जन्मला आणि सहाव्या महिन्यात पांढरा पडू लागला.

तोवर मी कराडला दवाखाना घातला होता. त्या मुलाला मी स्वतः जवळ ठेवून रक्त देत राहिलो, शाळेत घातले. हुशार होता, माझ्या टेबलावरील औषधांची नावे भराभर वाचून दाखवी. परंतु वारंवार भरलेल्या रक्तातील लोह शरीरात साठत जाते. ते बाहेर काढणारे औषध त्या काळी एकच होते. ते सुईने तासन्‌तास द्यावे लागे आणि त्याची किंमत आमच्या आटोक्यापलीकडची होती. तोंडावाटे घ्यावयाच्या पहिल्या औषधास आपल्या देशात परवानगी मिळाली ती १९९५ च्या सुमारास. आमचा मुलगा १९९२ साली, चौदाव्या वर्षी, हृदय थकून गेला.

त्यानंतर मी अक्काला प्रथम खरे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि विचारले, "म्हणजे निम्मा दोष त्यांचाही होता?" मी म्हटले, दोष कोणाचाच नव्हे, पण हो, निम्मे त्यांच्याकडूनही आले. अठरा वर्षे ती एकटीच ते ओझे वाहत होती, आणि ते उतरविणारा कागद माझ्या वडिलांच्या खिशात आणि माझ्या डोक्यात होता.

आता जरा शास्त्राकडे वळू. मलाही थोडा दम घ्यावयास हवा.

थॅलॅसेमिया हे नाव ग्रीक भाषेतील समुद्रवाचक शब्दावरून पडले. १९२५ साली कूली नावाच्या डॉक्टरने अमेरिकेत या रोगाचे वर्णन केले, आणि प्रारंभी तो भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचाच रोग समजला गेला. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४९ साली तर्क मांडला की, ज्या मुलखात हिवताप माजलेला होता तेथेच हा वारसा का टिकला, तर एक ओळ पुसलेल्या वाहकांस हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत असावे. पुढे त्यास पुष्टी मिळाली. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि येथेच निवर्तले. म्हणजे ज्याला आपण कुळाचा कलंक समजून झाकतो, ते कोणे एके काळी आपल्या पणजोबांना तापातून तारणारे कवच होते. झाकण्यासारखे त्यात काय आहे?

आज भारतात शंभरांत तीन-चार माणसे या एका रोगाची वाहक असावीत असा अंदाज आहे, आणि दर वर्षी दहा हजारांहून अधिक मुले हा रोग घेऊन जन्मतात. हे प्रमाण सर्व समाजांत सारखे नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली या समाजांत ते अधिक आहे, आणि त्यांच्या संस्थांनी ही गोष्ट न लपविता तपासणीची शिबिरे भरविली. विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेलचा प्रश्न आहे. आपल्या ज्ञातीत काय आहे, हे आपणास ठाऊक नाही, कारण आपण कधी पाहिलेच नाही.

ज्ञातीचा आणि रक्ताचा हा संबंध प्रथम तपासणाऱ्यांत आपल्या मुंबईचे लोक होते. डॉ. खानोलकर व डॉ. संघवी यांनी १९५० च्या सुमारास मुंबईतील सहा ज्ञातींचे रक्त तपासून त्यांतील भेद प्रसिद्ध केले. २०१७ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गटांत मूळ पूर्वज थोडे आणि विवाह आपसांत, यामुळे साचलेला वारसा युरोपातील ज्यू व फिनलंडच्या लोकांपेक्षाही दाट आढळला. याचा अर्थ असा की, मामाची मुलगी टाळली, तरी लहान ज्ञातीत प्रत्येक जण कोणाचा तरी दूरचा मामा असतोच. या व्यासपीठावरून हे बोलणे काहींस रुचणार नाही. पण ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या घरांची नावे आपल्या सभासद-यादीतून पूर्वी गाळली गेली, ती पुन्हा घालावीत, असे माझे नम्र मत आहे. वैद्य म्हणून मला त्या घरांची चिंता सर्वांत कमी वाटते.

या ज्ञानाचा रोग्यास उपयोग काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण वैश्य, म्हणजे कोमटी समाजाचे. त्या समाजातील काही माणसांच्या रक्तात एक विशिष्ट द्रव्य नसते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध इतरांत काही मिनिटांत उतरते. त्यांच्यात कित्येक तास उतरत नाही, आणि तोवर रोगी आपण होऊन श्वास घेऊ शकत नाही. ठाऊक असलेला भूलतज्ज्ञ दुसरे औषध वापरतो, आणि काहीच घडत नाही. एवढाच फरक. रोग्याने एक वाक्य आधी सांगितले की नाही, यावर तो अवलंबून असतो.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी घरचे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला, त्यास जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. युरोपात दहा लाखांत एखाद्यास असणारा हा गट आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एकास आढळतो. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' म्हणून दिसतो, पण त्या माणसास ओ गटाचे रक्त चालत नाही. चढविल्यास जिवावर बेतते. त्यास त्याच्याच गटाचे रक्त हवे. १९८७ साली पाटण तालुक्यातील एक बाळंतीण अतिरक्तस्राव होऊन माझ्याकडे आली. कागदावर ओ. रक्तपेढीतील तंत्रज्ञ तरुण होता, पण चिकट वृत्तीचा. एक पिशवी जुळेना, दुसरी जुळेना, तिसरी जुळेना, तेव्हा त्याने 'हे ओ नव्हे' असे ठामपणे सांगितले. मी तिच्या आईस विचारले, "मालक नात्यातले का?" ती म्हणाली, "आत्याचाच मुलगा." हा गटही दोन्ही उताऱ्यांवरची ओळ पुसल्यानेच होतो, म्हणून सख्ख्या भावंडांत तो सापडण्याचा संभव चारांत एक. मुंबईस कापड गिरणीत असलेले दोन भाऊ रात्रीच्या एस्‌.टी.ने आले. धाकट्याचे जुळले. त्या बाई आज आजी आहेत. पूर्वी जे नाते घात करते झाले, त्याच नात्यात उपायही होता, हे मी त्या रात्री शिकलो. आता अशा दात्यांच्या याद्या ठेवणारी माणसे सांगलीतही आहेत.

सर्वच आनुवंशिक रोग नात्यातील विवाहाने येतात असे मात्र समजू नये. हिमोफिलिया, म्हणजे जखमेचे रक्त न थांबणे, हा आईकडून मुलाकडे येतो. बाप नात्यातील असो वा परका. त्यातही तीनांत सुमारे एका घरी पूर्वेतिहास मुळीच नसतो. या रोगाची मुले पूर्वी पुण्या-मुंबईस न्यावी लागत. २०१३ च्या सुमारास शासनाने साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्यासाठी केंद्र सुरू केले, ही आपल्या भागाची मोठी सोय झाली. २०१६ च्या कायद्याने थॅलॅसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल या तिन्हींचा समावेश अपंगत्वाच्या यादीत केला आहे. ज्या घरांनी दाखले काढले नसतील त्यांनी काढावेत. लाज धरू नये. आणि औषधोपचार कोठवर आले आहेत, तर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांत पुसलेली ओळ नव्याने लिहून दाखविल्याचे वृत्त डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सर्वांच्या आवाक्यात केव्हा येईल ते येवो.

आपल्या आवाक्यात आज काय आहे, तेवढे सांगतो. वाहक ओळखण्यास रक्ताची साधी गणना आणि त्यानंतर हिमोग्लोबिनची एक तपासणी पुरते. अनेक वाहकांना डॉक्टर 'लोह कमी' म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या देतात, आणि रक्त तेवढेच राहते. आपल्या घरी असे कोणी असेल, तर त्याची तपासणी प्रथम करा. दोन वाहकांनी विवाह करूच नये असे नाही. सायप्रस बेटावर १९७० नंतर विवाहापूर्वी तपासणीची पद्धत पडली. तेथील धर्मपीठ लग्नाआधी तपासणीचा दाखला मागते, निकाल विचारत नाही. बहुतेकांनी लग्न मोडले नाही, गर्भाची तपासणी करून घेतली, आणि काही वर्षांत त्या बेटावर नव्या रोगी मुलांचा जन्म जवळजवळ थांबला. आपल्याकडेही गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात ही तपासणी होते व कायदा तिला परवानगी देतो.

कायद्याचे नाव निघाले म्हणून एक कटू गोष्ट. गर्भात डोकावण्याची हीच विद्या आपल्या जिल्ह्यात कशासाठी वापरली गेली, ते आपण विसरलेला नाहीत. येथून काही कोसांवर म्हैसाळला २०१७ साली पुरलेले १९ भ्रूण सापडले. महाराष्ट्राने गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये केला, तरी हे घडले. म्हणून मी जेव्हा गर्भतपासणी म्हणतो तेव्हा रोगाचीच म्हणतो, आणि मुलीच्या जिवावर उठलेल्या घराने माझ्याकडे सल्ल्यास येऊ नये.

मी स्वतः वाहक आहे. माझी पत्नी नाही, म्हणून आमची मुले निरोगी. मुलगा वाहक नाही, मुलगी आहे. तिचे स्थळ पाहताना मी पहिल्याच भेटीत हे सांगितले. दोन स्थळांनी नम्रपणे नकार कळविला. दोघेही या ज्ञातीतील भली माणसे आहेत, आणि कदाचित येथे बसलेली असतील. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. तिसऱ्या घरच्या मुलाने तेवढेच विचारले, "माझी तपासणी कोठे करू?" माझा नातू आता कॉलेजात आहे.

म्हणून मंडळापुढे माझी मागणी एकच आहे. वधूवर-सूचक वहीत एक रकाना वाढवावा: 'तपासणी झाली' अथवा 'झाली नाही'. एवढेच. निकाल लिहू नये. निकाल वहीत आला की तो गावभर होतो, आणि मग माझ्या वडिलांसारखे बाप कागद खिशात ठेवू लागतात. निकाल दोन घरांनी एकमेकांस सांगावयाचा. कार्यकारी मंडळात या सूचनेवर दोन मते आहेत, हे मला ठाऊक आहे. विरुद्ध मत असलेल्यांनी उद्याच्या सभेत माझ्याशी मोकळेपणाने भांडावे.

भोजनानंतर मागील दालनात रक्ताचे नमुने घेण्याची व्यवस्था केली आहे. अविवाहितांनी प्रथम यावे, नवविवाहितांनीही यावे. नळीवर नाव नसेल, आकडा असेल. पाकीट बंद मिळेल आणि ते ज्याचे त्याच्याच हाती दिले जाईल, वडिलांच्याही नाही. टेबलापाशी नोंद घेण्यास माझी धाकटी बहीण बसणार आहे. तिने ते काम स्वतः मागून घेतले आहे.